नजरेने नको, मोजून द्या : वर्कशॉपमधल्या मार्कांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं की आयटीआयमध्ये किंवा शाळेच्या वर्कशॉपमध्ये प्रॅक्टिकलचे मार्क कसे दिले जातात आणि कसे द्यायला पाहिजेत, त्याबद्दल काय विचारायचंय ते लिहून पाठवा. निदेशकांनी (आयटीआयच्या शिक्षकांनी) लिहिलं, पोरापोरींनी लिहिलं, एका शाळेच्या बाईंनीही लिहिलं. मी फिटर ट्रेडला २८ वर्षं शिकवलंय, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियनचं जे खाली लिहिलंय ते त्या ट्रेडच्या जुन्या सहकाऱ्यांना विचारून, त्यांच्या शॉपमध्ये परत जाऊन बघून लिहिलंय.

प्रश्न : सर, मी सातारा जिल्ह्यात फिटर ट्रेडला निदेशक आहे, नोकरीचं दुसरंच वर्ष. युनिटला २० पोरं. परवा नर-मादी फिटिंगच्या (एका तुकड्याच्या खाचेत दुसरा तुकडा बसवायच्या) जॉबचे मार्क लावले तर एक पोरगा येऊन म्हणाला, सर त्याला ८२ अन् मला ७१, माझ्या जॉबला काय कमी पडलं ते दाखवा. मला दाखवता आलं नाही. फिनिश कमी आहे म्हणून सांगितलं आणि वेळ मारून नेली, पण तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. तुम्ही कसे मार्क देत होता?

उत्तर : त्या पोराचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला उत्तर मिळायलाच पाहिजे. ११ मार्कांचा फरक जॉबवर बोट ठेवून दाखवता येत नसेल तर तो फरक जॉबमध्ये नव्हता, आपल्या मनात होता, असंच धरून चालायचं.

मी काय करायचो ते सांगतो. ड्रॉइंग फळ्यावर लागलं की त्याच्या शेजारीच मार्कांचा कागद लागायचा, कुणी अजून हॅक्सॉ हातात घ्यायच्या आधी. मापांना ५० मार्क, १० मापं, प्रत्येकी ५. चौकोनीपणा आणि सपाटपणा मिळून १५, म्हणजे ट्राय स्क्वेअर (गुण्या) लावून उजेडाला धरायचं. फिटिंगला १५, फिनिशला १० आणि कामाच्या पद्धतीला १०. हेच आकडे घ्या असं नाही, पण कुठलेही घ्या ते जॉब सुरू व्हायच्या आधी भिंतीवर पाहिजेत आणि मधे बदलायचे नाहीत, कारण पोरगा आपला वेळ त्याच्यावरूनच वाटतो, फिनिशला १० च आहेत हे माहीत असलं की शेवटचा अर्धा दिवस एमरी पेपर घासत बसत नाही, खाचेचं माप धरायला बसतो.

आता मापांचं. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी चूक, प्लस-मायनस ०.०४ मिमी दिलाय असं समजा. बरेच जण काय करतात, ०.०४ च्या आत असेल तर ५, बाहेर गेलं की शून्य. आणि मोजतात कशाने, ०.०२ लीस्ट काउंटच्या (म्हणजे ०.०२ मिमीपर्यंतच वाचता येणाऱ्या) व्हर्नियरने. म्हणजे एका बाजूचा टॉलरन्स त्या व्हर्नियरच्या दोनच रेघांएवढा आहे, आणि जबडा जरा जास्त दाबला किंवा डोळा तिरका धरला तरी एक रेघ इकडची तिकडे होते. मग एका पोराला ५ आणि दुसऱ्याला ० हे पोराच्या हातामुळे झालं की आपल्या हातामुळे, कोण सांगणार? म्हणून बाहेरची मापं मायक्रोमीटरने घ्यायची, त्याचं लीस्ट काउंट ०.०१, झिरो एरर (काही न धरता दाखवतो ती चूक) आधी बघायची, आणि बर (कडेला राहिलेली धातूची धार) काढल्याशिवाय जॉबला माप लावायचंच नाही. मादीच्या खाचेत बाहेरचा मायक्रोमीटर जात नाही, तिथे स्लिप गेज (ठराविक जाडीचे अचूक ठोकळे) रचून घालायचे. आणि शून्यावर एकदम उडी नको. ०.०४ च्या आत असलं तर पूर्ण ५, ०.०८ पर्यंत गेलं तर ३, त्याच्या पुढे ०, अशी पायरी ठेवा. ०.०५ वाला आणि अर्धा मिमी खाऊन बसलेला, दोघं एकाच रांगेत उभे करणं हा अन्यायच आहे.

दुसरी एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. फिटिंगच्या जॉबमध्ये पहिल्या दोन बाजू, ज्यांच्यावरून आपण पुढचं सगळं मार्किंग करतो, त्याच काटकोनात नसल्या तर पुढची सगळी मापं बिघडत जातात, पोराने पुढे कितीही जीव तोडून फाईलिंग केलं तरी. शेवटी मोजायला बसलो की ६ मापं चुकलेली दिसतात आणि आपण ६ वेळा मार्क कापतो, पण खरी चूक एकच, ती पहिल्या दिवशीची. म्हणून पहिल्या दोन बाजू झाल्या की थांबवायचं, स्क्वेअर लावून बघायचं, तिथले मार्क तिथेच लिहून सही करायची, चुकलं असेल तर तिथेच कापायचे, आणि वेळ असेल तर दुरुस्त करून पुढे जाऊ द्यायचं. एका चुकीची शिक्षा एकदाच.

फिटिंग बघताना ०.०५ ची फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पात चारी बाजूंनी घालून बघा, आणि नर काढून उलटा फिरवून परत बसवा. एकाच बाजूने बसणारा नर म्हणजे पोराने घासून घासून त्या एका जागेपुरता जमवलेला असतो, दोन्हीकडून बसला की समजायचं मापं खरोखर जमलीत. हे पण आधी सांगायचं, ऐनवेळी उलटवून दाखवून पोराला तोंडघशी पाडायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कागदावर दोन रकाने ठेवा. पहिल्यात पोराने स्वतः मोजून आपली मापं लिहायची आणि मग दुसऱ्यात तुम्ही. दोघांच्यात ०.०२ पेक्षा जास्त फरक आला तर दोघांनी मिळून परत मोजायचं, त्याच्यासमोर. मी पद्धतीच्या १० पैकी ३ मार्क खरं मोजण्याला ठेवायचो. ज्याचं माप ०.१२ ने गेलंय आणि त्याने ०.१२ च लिहिलंय त्याला मापाचे मार्क जातील पण मोजण्याचे मिळतील, आणि उद्या कंपनीत इन्स्पेक्शनला बसला तर हाच पोरगा कामाचा. ही रकान्याची पद्धत सुरू केल्यावर माझ्याकडे "सर मला कमी का" विचारायला येणारी पोरं जवळजवळ थांबली, कारण मार्क लागायच्या आधीच आपलं कुठे गेलं ते त्यांना माहीत असायचं.

तुम्ही म्हणाल २० पोरं आणि १० मापं म्हणजे २०० वेळा मोजायचं, वेळ कुठून आणू. एका मापाला अर्धा मिनिट धरलं तर १०० मिनिटं होतात, दोन दिवसांत वाटून घ्या. तेही जमत नसेल तर १० पैकी ५ मापं चिठ्ठी टाकून ठरवा, जॉब जमा झाल्यावर, सगळ्यांसमोर, आणि सगळ्यांची तीच ५ मोजा.

प्रश्न : मी ३० वर्षं टर्नर शिकवतोय. जॉब हातात घेतला की मला कळतं हा ६५ चा का ८५ चा. हे चेकलिस्ट, तक्ते वगैरे नवीन लोकांसाठी ठीक आहे, पण अनुभवी माणसाच्या नजरेला काही किंमत आहे की नाही?

उत्तर : आहे, खूप आहे सर. टूलचा आवाज ऐकून फीड जास्त झालाय हे तुम्हाला कळतं, ते कुठल्या तक्त्यात मावत नाही, आणि पोरं तुमच्याकडून तेच शिकतात. पण मार्क देताना नजरेत जॉबबरोबर पोरगाही शिरतो, आणि ते आपल्याला कळत नाही.

मी एकदा एक करून बघितलं होतं. एका बॅचचे २० जॉब नेहमीसारखे बघून मार्क लिहिले, कागद कपाटात ठेवला, ३ आठवड्यांनी एका सहकाऱ्याला सांगून जॉबवरचे रोल नंबर चिकटपट्टीने झाकून घेतले, क्रम बदलून मांडायला सांगितले आणि परत मार्क दिले. बहुतेक जॉब ३-४ मार्कांच्या आत आले, पण दोन जॉब एकदम वेगळे पडले. एक होता माझ्या सगळ्यात लाडक्या पोराचा, रोज वेळेवर येणारा, बेंच झाडून ठेवणारा, त्याला आधी ८८ दिले होते, नाव झाकल्यावर ७६. दुसरा होता सारखा दांड्या मारणारा, त्याला ६२ दिले होते, नंतर ७४. जॉब तेच, बघणारा मी तोच. त्या दुसऱ्या पोराला मी जाऊन सांगितलं आणि मार्क दुरुस्त केले. दांड्या मारतो त्याचे मार्क हजेरीत कापा, डेली डायरीत कापा, जॉबमध्ये कापायचा आपल्याला अधिकार नाही.

माणसं ओळखीच्या माणसाला असंच मोजतात, याच्यावर अमेरिकेतल्या थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच लिहून ठेवलंय, लष्करी अधिकाऱ्यांना त्यांच्या वरिष्ठांनी दिलेले शेरे तपासून. एका गुणाबद्दल मत चांगलं झालं की बाकी सगळ्या गुणांनाही आपोआप चांगले मार्क पडतात.

तर मोजता येतं ते मोजा, आणि फिनिशसारखं जे मोजायला अवघड आहे तिथेच तुमची नजर वापरा, पण एकट्याची नको. वर्ल्डस्किल्स या तरुण कारागिरांच्या जागतिक स्पर्धेत, जिथे २००७ पासून आपलीही पोरं जातात, मोजायचे मार्क आणि ठरवायचे मार्क असे दोन वेगळे भाग असतात. ठरवायच्या भागाला तीन परीक्षक एकाच वेळी ० ते ३ मधला आकडा दाखवतात, ० म्हणजे इंडस्ट्रीत चालणार नाही, १ म्हणजे चालेल, २ म्हणजे चालण्यापेक्षा काही बाबतीत वर, ३ म्हणजे उत्तम. दोघांच्या आकड्यात १ पेक्षा जास्त फरक पडला तर बोलून परत द्यायचे. आणि आपल्या देशाच्या स्पर्धकाला आपण मार्क द्यायचे नाहीत. हे आपल्याकडे करायला पैसे लागत नाहीत. फक्त शेजारच्या युनिटच्या निदेशकाला चहाला बोलवायचं, त्याने तुमचे जॉब बघायचे, तुम्ही त्याचे. जॉबवर नावाऐवजी नंबर पंच करा. तुमची नजर इतकी तयार आहे तर नाव झाकल्यावर ती आणखी चांगलं काम करेल.

प्रश्न : सर, मी वेल्डर ट्रेडला आहे, चंद्रपूर जिल्हा, बॅचमध्ये आम्ही तीनच मुली. माझ्या वाट्याला कायम कोपऱ्यातलं वेल्डिंगचं जुनं ट्रान्सफॉर्मर येतं, शेजारी कुणी आर्क मारला की करंट पडतो. टी-जॉइंटच्या जॉबला स्पॅटर (वितळलेल्या धातूचे उडालेले थेंब) खूप म्हणून माझे मार्क कापले. आणि उलट ओव्हरहेडच्या (डोक्यावरची प्लेट खालून वेल्ड करायच्या) जॉबला सरांनी आम्हा तिघींना उभंच केलं नाही, मुली आहात म्हणून सरळ ७० देऊन टाकले. दोन्ही मला चूक वाटतं, पण मैत्रिणी म्हणतात ७० मिळाले ना, गप्प बस. मी चुकतेय का?

उत्तर : तू अजिबात चुकत नाहीस. दोन्ही ठिकाणी तुझ्यावर अन्याय झालाय, आणि दुसरा जास्त मोठा आहे.

आधी स्पॅटरचं. स्पॅटर जास्त पडायला बरीच कारणं असतात, करंट जास्त ठेवला, आर्क लांब धरला, रॉड ओला होता, प्लेटवर गंज किंवा रंग होता, मशीनच धड नव्हतं. नुसत्या प्लेटकडे बघून यातलं कुठलं ते सांगता येत नाही. पण ओळखायचा एक साधा उपाय आहे, निदेशकाने त्याच मशीनवर, त्याच पुड्यातला रॉड घेऊन, तेवढ्याच करंटला स्वतः एक बीड (वेल्डची रेघ) मारून बघायचा. त्यांच्या हातूनही स्पॅटर पडला तर मशीनचा दोष, तुझे मार्क परत. नाही पडला तर ते तुला तिथेच दाखवू शकतात की आर्क किती जवळ धरायचा. वेल्डरच्या एका जुन्या निदेशकांना मी हे विचारलं तर ते म्हणाले, मी परीक्षेच्या दिवशी सकाळी सगळ्या बूथमध्ये एकेक बीड मारूनच पोरं आत सोडायचो.

मशीनं सगळी सारखी कधीच नसतात, नवीन आयटीआयतही नाही. म्हणून सरावाला मशीन आळीपाळीने, आणि परीक्षेच्या जॉबला बूथची चिठ्ठी. आणि मार्कांच्या कागदावर मशीन नंबर लिहायची जागा ठेवायची. एका वर्षात एकाच मशीन नंबरसमोर सगळे कमी मार्क दिसायला लागले की प्राचार्यांसमोर ठेवायला तो कागद फार उपयोगी पडतो, दुरुस्तीचे पैसे त्याच्यावरून मंजूर होतात. तुम्ही तिघी मिळून सरांना बूथ बदलत राहायला सांगा, तक्रार म्हणून नको, विनंती म्हणून सांगा, पहिल्यांदा.

आता ओव्हरहेड. न करता मिळालेले ७० म्हणजे तुझ्याकडून काढून घेतलेलं शिक्षण आहे. फॅब्रिकेशनच्या कंपनीत टेस्ट प्लेट लावतात ती ओव्हरहेडसारख्या अवघड पोझिशनमध्येच लावतात, तिथे गुणपत्रिकेतले ७० दाखवून काही होत नाही. उंची कमी पडत असेल तर जॉब स्टँड खाली घ्यायचा किंवा पायाखाली फळी द्यायची, हेल्मेट सैल असेल तर पट्टा बदलायचा, लेदरचा जाकीट मापाचा मागवायचा. सोय बदलायची, प्लेटवरची अपेक्षा तीच. डीजीटीच्या (आयटीआयचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या) अभ्यासक्रमात मूल्यमापनाच्या नियमातच लिहिलंय की मूल्यमापनात कृत्रिम अडथळे नकोत आणि विशेष गरज असेल तर ती लक्षात घ्यावी. तू सरांकडे जाऊन सांग, सर ते ७० राहू द्या, पण मला ओव्हरहेड करायचाय. माझ्या माहितीत असं मागणाऱ्या पोरीला नाही म्हणणारा निदेशक विरळाच.

निदेशकांसाठी एक. वेल्ड वरून सुंदर दिसतो म्हणून मार्क देऊ नका. टी-जॉइंट एकाच बाजूने वेल्ड करून घ्या, मग हातोड्याने वेल्डच्या बाजूला दुमडून तोडा आणि मुळाशी बघा, दोन्ही प्लेटा वितळून एक झाल्यात का, आत स्लॅग (रॉडच्या लेपाची मळी) अडकलाय का, बुडबुड्याची भोकं आहेत का. वरून माशाच्या खवल्यासारखा एकसारखा दिसणारा बीड आतून नुसता चिकटवलेला निघतो, आणि वरून ओबडधोबड दिसणारा आत पक्का असतो, हे पोरांनी स्वतः तोडून बघितलं की मार्कांवरून भांडण होत नाही.

प्रश्न : इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक आहे, लातूर. एका पोराचा हात इतका सफाईदार की वायरिंग बघत राहावं, पण जर्नल कोरं. दुसऱ्याचं जर्नल छापल्यासारखं, पण बोर्डावर हात थरथरतो. कुणाला किती?

उत्तर : याचं उत्तर द्यायच्या आधी मी तुम्हाला विचारतो, त्या सफाईदार पोराच्या बोर्डात स्विच कुठल्या वायरवर आहे ते बघितलंत का? मी गंमत म्हणून विचारत नाही. एका परीक्षेत मी स्वतः बघितलंय, बोर्ड देखणा, क्लिपा एका रेषेत, बल्ब पहिल्या फटक्यात लागला, परीक्षक पुढे निघाले, आणि आमच्या इलेक्ट्रिशियनच्या सहकाऱ्याने टेस्टर लावला तर स्विच न्यूट्रलवर. बल्ब लागतो आणि विझतो, सगळं बरोबर दिसतं, पण स्विच बंद करून बल्ब बदलायला हात घालणाऱ्या माणसाला होल्डरमध्ये फेज भेटते. घरात कुणीतरी मरतं याने.

म्हणून इलेक्ट्रिशियनला मार्कांच्या आधी एक फाटक ठेवायचं. स्विच फेजवर, अर्थ जोडलेला, काम करताना सप्लाय बंद आणि बंद आहे हे टेस्टरने तपासलेलं, सप्लाय द्यायच्या आधी मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजायच्या मीटरने) इन्सुलेशन बघितलेलं आणि ते १ मेगाओहमच्या खाली नाही. यातलं एकही चुकलं तर त्या जॉबला पास नाही, बाकी ९५ मार्कांचं काम असलं तरी. दुरुस्त करून परत दाखवायचं, दुसरी संधी द्यायची, पण सफाईच्या मार्कांनी सेफ्टीची भरपाई होऊ द्यायची नाही. फाटकातून आत आल्यावर मग सफाई, वेळ, वायर किती वाया गेली याचे मार्क. फाटकात ४-५ च गोष्टी ठेवा, सगळंच फाटकात घातलं तर पोरं घाबरून काम सोडतात.

आता जर्नल. आपल्याला जर्नलमधून काय हवंय ते आधी ठरवू, अक्षर हवंय की समज? छापल्यासारखी जर्नलं बऱ्याचदा मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरलेली असतात, तुम्हालाही माहीत आहे. मी सांगेन जर्नलचे मार्क बोर्डासमोर तोंडी द्या. पोराला त्याच्याच बोर्डापुढे उभं करा आणि एक वायर दाखवून विचारा, ही काढली तर काय होईल? जिन्याच्या वायरिंगमध्ये ही दोन टोकं अदलाबदल केली तर? एका पोराला ३ मिनिटं. मराठीत, नाहीतर त्याच्या घरच्या भाषेत बोलू द्या. जो सांगू शकतो त्याला समजलंय, मग त्याच्या जर्नलमध्ये आकृती आणि रीडिंग एवढं असलं तरी पुरे. आणि हात थरथरणाऱ्याला जर्नलच्या जोरावर पास करू नका, त्याला रोज अर्धा तास जॉइंट मारायला बसवा, हात बसतो, मी बसताना बघितलेत.

प्रश्न : आमच्याकडे वरून तोंडी सूचना आहे की कुणी नापास व्हायला नको आणि फॉर्मेटिव्ह असेसमेंटला (वर्षभर शॉपमध्ये चालणाऱ्या मूल्यमापनाला) सगळ्यांना ९० च्या वर टाका. नोकरी सांभाळायची का तत्त्व?

उत्तर : तुमची अडचण मला माहीत आहे, मी त्यातून गेलोय. नियम तुमच्या बाजूने आहे हे आधी लक्षात ठेवा. प्रॅक्टिकलला पास व्हायला ६० टक्के लागतात, थिअरीला ३३. आणि मार्कांच्या पायऱ्याही लिहून दिल्यात, ६० ते ७५ म्हणजे अधूनमधून मदत घेऊन चालण्यासारखं काम, ७५ च्या वर ९० पर्यंत म्हणजे थोड्याच मदतीत चांगलं काम, ९० च्या वर म्हणजे जवळपास कुणाच्याही मदतीशिवाय उच्च दर्जाचं काम. हे मूल्यमापन पुराव्यावर करायचंय आणि तो पुरावा, जॉब, डेली डायरी, व्हायवा, प्रोग्रेस चार्ट, पुढच्या परीक्षेपर्यंत तपासणीसाठी जपून ठेवायचाय. म्हणजे ९२ लिहिले तर ९२ चा जॉब रॅकमध्ये पाहिजे. प्राचार्यांशी बोलताना तत्त्व काढू नका, हे काढा. सर, ९२ टाकतो, पण ऑडिटला हा जॉब दाखवायला तुम्ही माझ्याबरोबर उभे राहाल का, असं नम्रपणे विचारा.

आणि नापास न करण्याचा सरळ मार्गही आहे, परत संधी. ६० च्या खाली गेलेल्याला कुठलं माप, कुठली पायरी गेली ते दाखवून नवा तुकडा द्या. महिन्यातला एक शनिवार आम्ही फक्त याच्यासाठी ठेवला होता, भंगारातल्या फ्लॅटच्या तुकड्यांवर. बहुतेक पोरं दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ६० ओलांडतात. अशा पोराचे मार्क खरे असतात आणि पासही होतो. सगळ्यांना ९० दिले की सगळ्यात जास्त नुकसान त्या पोराचं, ज्याने खरोखर ९० चं काम केलं, त्याच्या मेहनतीची वेगळी काही खूणच राहत नाही.

प्रश्न : मी शाळेत आठवी-नववीला कार्यशिक्षण घेते, नगर जिल्हा. पाच-पाच मुलांच्या गटाने कोंबड्यांची खुराडी बनवली. सगळ्यांना सारखे मार्क दिले तर दोघांनीच काम केलं अशी तक्रार, वेगळे दिले तर पालक भांडतात.

उत्तर : बाई, खुराडी ही कल्पनाच छान आहे. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विचारावर, गावाला लागणारी खरी वस्तू मुलांनी हाताने बनवायची आणि त्यातून शिकायचं. अर्धे मार्क गटाला द्या, खुराडं उभं आहे का, दार लागतं का, कोंबडी खरंच त्यात राहते का. अर्धे मार्क एकेकट्याला, आणि त्यासाठी प्रत्येकाकडून एक छोटं काम एकट्याने करून घ्या, एक काटकोनी जोड, एक बिजागरी बसवणं, जाळीचा एक चौकोन मोजून कापणं. १५ मिनिटांचं काम असतं. रोज तास संपताना मुलांनी वहीत दोन ओळी लिहायच्या, आज मी काय केलं, आणि गटातल्या दुसऱ्या एकाने खाली सही करायची. पालक आले की वही आणि तो तुकडा पुढे ठेवा.

प्रश्न : डावखुरा आहे, फिटर पहिलं वर्ष. सर म्हणतात उजव्या हातानेच फाईल धर, नाहीतर पद्धतीचे मार्क जातील.

उत्तर : पद्धतीचे मार्क कशासाठी असतात, फाईल सपाट चालते का, पाय बरोबर उभे आहेत का, परत येताना दाब सोडतोस का, यासाठी. ते डाव्या हाताने सगळं होतं. व्हाइसच्या दुसऱ्या बाजूला जागा लागते, शेजाऱ्याचं कोपर लागणार नाही असा टोकाचा बेंच माग. लेथ आणि ड्रिल मशीनवर मात्र हँडल आणि इमर्जन्सी स्विच जिथे आहेत तिथेच राहणार, तिथे मशीनच्या पद्धतीनेच उभं राहायला शीक, तो सेफ्टीचा प्रश्न आहे. हे उत्तर सरांना दाखव.

प्रश्न : मार्क दिल्यावर जॉबचं काय करायचं? आमच्याकडे पोत्यात भरून भंगारात जातात.

उत्तर : पुढची परीक्षा आणि तपासणी होईपर्यंत ठेवावेच लागतात. गंज चढू नये म्हणून ग्रीसचा हात फिरवून, नंबरप्रमाणे लावून ठेवा. त्याच्या आधी एक दिवस सगळे जॉब मोठ्या टेबलावर मांडा, प्रत्येकाशेजारी त्याचा मापांचा कागद, आणि पोरांना स्वतःचा जॉब दुसऱ्याच्या जॉबशेजारी धरून बघू द्या. मायक्रोमीटर टेबलावरच ठेवा, ज्याला शंका असेल तो मोजेल.

तपासणी झाली की त्यातले तीन बाजूला काढा, एक ६० चा, एक ७५ चा, एक ९० च्या वरचा. नावं घासून टाका, मापं पंच करा, आणि फळीवर तारेने बांधून वर्कशॉपच्या दारात लावा. आमच्या शॉपमध्ये ही फळी होती. नवीन बॅच पहिल्या दिवशी आत येताना तिथेच थांबायची, पोरं नखाने खाच चाचपून बघायची, आणि कुणीतरी विचारायचंच, सर, हा ६० चा आणि हा ९० चा, फरक कुठाय? मग मी फीलर गेज त्यांच्या हातात द्यायचो.